वादळामागे धावणारे आणि घरात राहणारे

वादळांचा पाठलाग करणाऱ्यांवरच्या, २०२४ सालच्या ‘ट्विस्टर्स’ या चित्रपटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो या गावावर टोर्नेडो चालून येतो. भोंगे वाजतात, माणसं सैरावैरा होतात आणि जवळपास दुसरा आसरा नाही म्हणून गावातल्या जुन्या थिएटरात शिरतात. तिथे १९३१ सालचा ‘फ्रँकेन्स्टाईन’ लागलेला असतो. थोड्या वेळाने पडदा फाटतो, मागची भिंत उचकटून जाते आणि पडद्याच्या चौकटीत खरं वादळ दिसायला लागतं. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग यांना दाद द्यावी असा हा क्षण आहे, आणि मी ती मनातल्या मनात दिलीही. पण त्याच वेळी एक बाळबोध शंका डोक्यात शिरली, ती चित्रपट संपला तरी जाईना. टोर्नेडोंसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या राज्यातलं गाव, दर वसंतात तिथे हीच धाकधूक, आणि ऐन वेळी लपायला एक थिएटर? तेही मधे खांब नसलेलं, वर लांबरुंद छप्पर असलेलं सभागृह. अशा वेळी तिथे चुकूनही जाऊ नका, असं हवामान खातं कानीकपाळी ओरडून सांगतं.

चित्रपटाला ही शंका येत नाही. नायिका रसायनांनी भरलेली गाडी घेऊन थेट वादळाच्या पोटात घुसते, वादळ विरघळतं आणि त्याच्याबरोबर प्रश्नही.

अशा चित्रपटांतल्या वैज्ञानिक चुका मोजत बसायची मला हौस नाही. १९९६ च्या मूळ ‘ट्विस्टर’मध्ये नायक-नायिका चामड्याच्या पट्ट्यांनी स्वतःला पाइपांना बांधून घेतात आणि सर्वांत भीषण प्रतीचं वादळ डोक्यावरून जाऊ देतात. ते हसून सोडून द्यावं. माझी तक्रार वेगळी आहे. हे चित्रपट वादळ गाडीच्या काचेतून बघतात आणि प्रेक्षकालाही त्याच गाडीत बसवतात. माणसं मरतात ती बहुतेक करून घरात, शाळेत, कामावर. कुणाचं घर कशाचं आहे आणि त्याच्या खाली किंवा आत लपायला जागा आहे का, यावर कोण वाचेल ते ठरतं. वादळामागे धावणारा शूर असेल, पण त्या शौर्याच्या गोष्टीत ही घराची गोष्ट सतत झाकली जाते.

पुढे जाण्याआधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या बातम्यांत टोर्नेडोला सर्रास चक्रीवादळ म्हणतात. २०२० चं ‘निसर्ग’ किंवा २०२१ चं ‘तौक्ते’ ही शेकडो किलोमीटर पसरलेली चक्रीवादळं होती. त्यांचा माग काही दिवस आधी लागला होता, कोकणात किनाऱ्यावरची माणसं हलवायला वेळ मिळाला होता. टोर्नेडो काही मीटरांपासून फार तर चार किलोमीटर रुंद, आणि त्याचं आयुष्य मिनिटांत मोजायचं. वावटळ म्हणावं तर ती अंगणातला पाचोळा गरगरवून थांबते. तेव्हा टोर्नेडोच बरा. तो फक्त अमेरिकेच्या मालकीचा आहे असंही नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर आणि साटुरिया परिसरात एका टोर्नेडोने सुमारे १,३०० माणसं मारली. जगात याहून जास्त बळी घेतलेल्या टोर्नेडोची नोंद नाही. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये जलपायगुडीकडे असाच एक येऊन गेला. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांवरून गेलेल्या या वादळांवर कुणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

पाठलाग करणाऱ्यांना हसण्यावारी नेणंही बरोबर नाही. ‘ट्विस्टर’मधलं, वादळाच्या पोटातली मोजमापं घ्यायला नेलेलं ‘डोरोथी’ नावाचं पिंप हवेतून आलेलं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ‘टोटो’ नावाचं सुमारे १८० किलोचं यंत्र खरोखर टोर्नेडोच्या वाटेवर ठेवायचा प्रयत्न केला होता. नेमकी गाठ कधी पडली नाही. १९८४ साली एकदा वादळाची कड त्याला चाटून गेली, तेव्हा ते चक्क कलंडलं. पुढे टिम समारास या अभियंत्याने जमिनीला चिकटून राहणारं, कासवासारखं बसकं यंत्र बनवलं आणि २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ ते बरोबर वादळाच्या वाटेत ठेवलं. हवेचा दाब क्षणात १०० मिलिबारने उतरल्याची नोंद त्याने केली. असं मोजमाप आधी कुणाला जमलं नव्हतं. शिवाय रडारला जमिनीलगतचं दिसत नाही, तिथे डोळ्यांनी बघून कळवणारा माणूसच लागतो. ‘ट्विस्टर’ पाहून ओक्लाहोमा विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागाकडे मुलांचा ओघ वाढला, हेही खरं आहे. एका चित्रपटाच्या खात्यावर एवढं पुण्य पुष्कळ झालं.

पण समारास यांची गोष्ट इथे संपत नाही. ३१ मे २०१३ रोजी, चित्रपटातल्या नव्हे तर खऱ्या एल रेनोजवळ, आजवर नोंदलेला सर्वांत रुंद टोर्नेडो आला. रुंदी ४.२ किलोमीटर. त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गाडीतच गेले. या तिघांना वादळामागे धावणाऱ्यांत सर्वांत सावध मानलं जात असे. त्या टोर्नेडोने घेतलेल्या आठ बळींपैकी चौघे पाठलागावर निघालेले होते.

त्या दिवसाचं दुसरं अर्ध मला जास्त अस्वस्थ करतं. अकराच दिवस आधी, २० मे रोजी, शेजारच्या मूर शहरावरून टोर्नेडो गेला होता आणि २४ माणसं मेली होती. त्यांत प्लाझा टॉवर्स प्राथमिक शाळेतली सात मुलं होती. शाळेला आसऱ्याची खोली नव्हती. ती आठवण ताजी असताना ३१ तारखेला भोंगे वाजले. घरात थांबणं म्हणजे मरण, असं वाटून हजारो माणसं गाड्या काढून महामार्गावर आली. एका स्थानिक वाहिनीवरून तर दक्षिणेकडे निघा असं सांगितलंही गेलं. सगळे रस्ते तुंबले. वादळ तिथवर येण्याआधी विरलं म्हणून, नाहीतर त्या रांगांचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. त्याच रात्री नाल्यांत आणि मोऱ्यांत आसरा घेतलेली माणसं पुराच्या पाण्यात वाहून गेली. चांगला रडार, चांगले अंदाज, दर मिनिटाला बातमी, आणि माणूस मात्र नाल्यात. इशारा पोचला होता. जायला जागा नव्हती.

चित्रपटाचा धंदा करमणुकीचा आहे, त्याच्याकडून नागरी संरक्षणाचे धडे कशाला मागता, असं कुणी म्हणेल. पण हलतं चित्र मागितलं नाही तरी धडा देतंच. २६ एप्रिल १९९१ रोजी कॅन्ससमधल्या महामार्गावर एका टीव्ही पथकाने आणि काही प्रवाशांनी पुलाखालच्या खाचेत शिरून टोर्नेडोपासून जीव वाचवला आणि ते सगळं चित्रित केलं. ती फीत वर्षानुवर्षं दाखवली गेली. खरं तर त्यांच्यावरून गेलेला टोर्नेडो दुबळा होता आणि त्या पुलाची रचना जरा वेगळी होती. लोकांनी घेतलेला बोध एकच: टोर्नेडो आला की पुलाखाली शिरा. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात महाभयंकर टोर्नेडो आला तेव्हा माणसं पुलांखाली शिरली. पुलाखाली वारा उलट जास्त जोराने घुसतो. तीन पुलांखाली मिळून तिघांचा जीव गेला. चुंग यांच्या चित्रपटाची सुरुवातच अशा एका पुलाखाली होते, आणि तिथे लपण्याचा भयंकर शेवट ते न कचरता दाखवतात. तीन दशकांपूर्वीच्या एका फितीने पसरवलेला गैरसमज एका चित्रपटाने असा खोडून काढला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. (त्या सुरुवातीच्या चमूत प्रवीण नावाचा भारतीय वंशाचा मुलगाही आहे. आपल्या माणसाला हॉलिवूडने सन्मानाने पहिल्याच फेरीत उडवून लावलं आहे.)

टोर्नेडोची प्रत ठरवतात कशी, ते बघण्यासारखं आहे. शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये आणलेली आणि २००७ मध्ये सुधारलेली मापनपट्टी वाऱ्याचा वेग थेट मोजत नाही. वादळ गेल्यावर माणसं मोडतोड पाहत फिरतात, कोणतं घर कशाचं होतं, किती मोडलं, यावरून वेगाचा अंदाज बांधतात आणि शून्य ते पाचमधला आकडा देतात. एल रेनोच्या त्या राक्षसाच्या पोटात फिरत्या रडारने ताशी ४५० किलोमीटरच्या वरचे वारे टिपले होते, पण तो बराचसा शेतांवरून गेला, मोडायला फार काही नव्हतं, म्हणून त्याला अधिकृत क्रमांक तीन मिळाला. पडद्यावरचे वीर वादळ लांबून बघूनच ‘पाच नंबरचा आहे’ असं ओरडतात. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे आपल्या घरांनी दिलेला जबाब असतो.

‘ट्विस्टर्स’वर सर्वांत जास्त टीका झाली ती वेगळ्याच कारणाने. २०२४ सालात वादळांवर चित्रपट काढता आणि त्यात हवामान बदलाचं नावसुद्धा नाही? चुंग यांचं उत्तर असं की चित्रपटाने संदेश देत बसू नये असं त्यांना वाटतं. या भांडणात मी बऱ्याच अंशी चुंग यांच्या बाजूचा आहे. उष्णतेच्या लाटा किंवा अतिवृष्टी यांचा तापमानवाढीशी जसा सरळ धागा जोडता येतो तसा टोर्नेडोंचा अजून जोडता येत नाही. एकूण संख्या वाढली आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. एकाच दिवशी घोळक्याने येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं आणि त्यांचा भर पूर्वेकडे, मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी या राज्यांकडे सरकलेला दिसतो. नायिकेच्या तोंडी दोन वाक्यं टाकली असती तर टीकाकारांचं समाधान झालं असतं, बाकी काही बिघडलं नसतं आणि काही सुधारलंही नसतं.

हे पूर्वेकडे सरकणं मात्र कॅमेऱ्याला परवडणारं नाही, आणि खरी मेख तिथे आहे. ओक्लाहोमाची सपाट माळरानं, चौकोनी आखलेले रस्ते, दुपारची तिरपी उन्हं, दहा किलोमीटरवरून दिसणारा ढगाचा खांब. पाठलाग करावा आणि चित्र काढावं तर इथेच. अलाबामा-टेनेसीकडे डोंगर, दाट झाडी, वळणाचे रस्ते. टोर्नेडो बरेचदा रात्री येतात, पावसाच्या पडद्यात गुंडाळलेले. तिथे कुणी मजेसाठी पाठलाग करत नाही, कारण दिसतच नाही. आणि माणसं तिथे जास्त मरतात. रात्री झोपेत मरतात, आणि ‘मोबाईल होम’ नावाच्या घरांत मरतात. कारखान्यात तयार करून ओढत आणून ठेवलेली, पायाशी धड न जखडलेली ही हलकी घरं गरिबांची आणि निवृत्त म्हाताऱ्यांची. अमेरिकेतल्या एकूण घरांत ती सहा-सात टक्के असतील. टोर्नेडोत घरात मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं त्यांत मेलेली असतात.

१० डिसेंबर २०२१ ची रात्र घ्या. केंटकीतल्या मेफिल्डमध्ये मेणबत्त्यांच्या कारखान्यात रात्रपाळी चालू होती, नाताळची मागणी होती. इशारे काही तास आधीपासून येत होते. कारखाना भुईसपाट झाला आणि कामगार दगावले. त्याच रात्री इलिनॉयमध्ये एका गोदामाच्या भिंती कोसळून सहा जण गेले. या माणसांच्या आयुष्यातला टोर्नेडो आणि चित्रपटातला टोर्नेडो यांत मला एक साधा फरक दिसतो. चित्रपटातल्या नायकाकडे गाडी आहे आणि वेळ आहे. वादळ कुठे आहे ते बघून कुठे जायचं हे तो ठरवू शकतो. पाळी संपेपर्यंत जागा सोडता न येणाऱ्या माणसाला शौर्य दाखवायची सोयच नाही.

‘ट्विस्टर्स’ला हे अजिबात कळलेलं नाही असं नाही, म्हणून तर राग येतो. त्यात एक जमीनखरेदीवाला आहे. वादळाने उद्ध्वस्त झालेल्यांकडे तो दुसऱ्या दिवशी पोचतो आणि त्यांची जमीन पडत्या भावात घेतो. शास्त्रज्ञांच्या एका चमूला पैसाही तोच पुरवतो. उलट यूट्यूबवर आचरटपणा करणारा काउबॉय टीशर्ट विकून आलेल्या पैशांतून पीडितांना जेवण देतो. कथेचा हा भाग फार चांगला आहे. वादळानंतर पैसा कुणाचा आणि कसा फिरतो, याकडे कॅमेरा वळला होता. एकदा पात्रं मोटेलच्या रिकाम्या पोहण्याच्या तलावात उडी मारून जीव वाचवतात, एकदा थिएटरात. दोनदा चित्रपटाने आपण होऊन दाखवलं की या माणसांना लपायला जागा नाही. आणि तिसऱ्या वेळी विचारायचं सोडून पावडर काढली.

ती पावडर म्हणजे डायपरमध्ये असते तसलं पाणी शोषणारं रसायन, सोबत सिल्व्हर आयोडाइड. सिल्व्हर आयोडाइड मराठी वाचकाला अगदी अनोळखी नाही. कृत्रिम पावसाचा २००३ चा ‘वर्षा’ प्रकल्प, २०१५ साली औरंगाबादहून उडालेली विमानं. दुष्काळ पडला की आपल्याकडेही ढगांत काहीतरी फवारायची घोषणा होते. योग्य ढग असेल तर पाऊस थोडा वाढतो, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला केलेल्या प्रयोगांतून दिसलंही आहे. पण विमानाच्या फोटोला जी जागा वर्तमानपत्रात मिळते ती गाळ काढलेल्या बंधाऱ्याला मिळत नाही. टोर्नेडो मारण्याचं स्वप्न याच जातीचं आहे. बारा-पंधरा किलोमीटर उंच, फिरणाऱ्या ढगाच्या बुडातून तो लोंबत असतो. तळाशी चार पिंपं पावडर उडवून तो ढग जागा सोडेल, ही कल्पना आकर्षक एवढ्यासाठीच वाटते की तिच्यात कुणालाही आपलं घर बदलावं लागत नाही, कुणाला कर द्यावा लागत नाही, कुठल्या बिल्डरशी भांडावं लागत नाही.

मूरने ते भांडण केलं. २०१४ मध्ये तिथल्या नगर परिषदेने नियम बदलले: नवं घर ताशी सुमारे २१७ किलोमीटर वाऱ्याला टिकलं पाहिजे. छपराला लोखंडी पट्ट्या, भिंती पायाशी खिळवलेल्या, गॅरेजचं दार मजबूत. गॅरेजचं दार हे ऐकायला विनोदी वाटतं, पण वारा बहुतेकदा तिथूनच आत घुसतो आणि छप्पर आतून उचलतो. घरं महागतील, धंदा बसेल, अशी ओरड अपेक्षेप्रमाणे झाली. नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला तर घरांच्या किमतींवर आणि बांधकाम परवान्यांवर फरक पडलेला दिसला नाही. अलाबामात १ मार्च २००७ रोजी एंटरप्राइझ गावच्या हायस्कुलात आठ विद्यार्थी गेले. त्यानंतर त्या राज्याने नव्या शाळांत सुरक्षित खोल्या सक्तीच्या केल्या. ओक्लाहोमात मात्र सगळ्या शाळांसाठी कर्जरोखे काढून अशा खोल्या बांधायची नागरिकांची मोहीम मतदानापर्यंतही पोचली नाही.

आपण दुरून हे वाचून हळहळावं, एवढं दूर ते नाही. पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याचा इशारा मोबाईलवर देतं, आणि चांगलं देतं. मराठवाड्यात भर शिवारात असलेल्या शेतमजूर बाईच्या फोनवर तो आला, असं धरू. पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. सर्वांत जवळचं पक्कं घर गावात, दोन किलोमीटरवर. आणि झाड समोर. ओक्लाहोमात ३१ मेच्या रात्री नाल्यात शिरलेली माणसं आणि ही बाई एकाच कोड्यात सापडलेली आहेत.

मूळ ‘ट्विस्टर’ची सुरुवात मला अजून लख्ख आठवते. जून १९६९, शेतावरचं घर, रात्र. बाप बायकोला आणि लहान मुलीला घेऊन तळघरात उतरतो. दार वाऱ्याने थडथडतं, कडी सुटायला लागते, बाप दोन्ही हातांनी दार धरून ठेवतो आणि दारासकट उडून जातो. ती मुलगी मोठी होऊन आयुष्यभर वादळाचा सूड घेत फिरते. हा कल्पनेतला जून १९६९. त्यानंतर वर्षाच्या आत, ११ मे १९७० रोजी, टेक्सासमधल्या लबक शहरात खराखुरा टोर्नेडो आला आणि २६ माणसं मेली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठातले अभियंते ढिगाऱ्यांतून फिरले तेव्हा त्यांना दिसलं की घर गेलं तरी मधली एखादी न्हाणी, एखादी कपड्यांची कोठी उभीच आहे. त्यातून घरातल्या घरात एक भक्कम खोली बांधायची कल्पना निघाली आणि १९७४ मध्ये अर्न्स्ट किसलिंग यांनी ती मांडली. आजही त्या विद्यापीठात हवेच्या दाबावर चालणारी एक तोफ आहे. तिच्यातून सुमारे सात किलोची लाकडी फळी ताशी १६० किलोमीटर वेगाने दारावर मारतात. मग बिजागऱ्या बघतात, कड्या बघतात, दार किती आत वाकलं ते मोजतात, आणि पुढचं दार लावतात.